पुल्लाच्या पेटीतली हवा

टाउनो पेल्कोनेनने उमेदीची सगळी वर्षं धान्याच्या कोठारात घालवली. कॅनडात मोठ्या सरोवराच्या काठी थंडर बे आहे, तिथल्या बंदरावर जे उंच सिमेंटचे कोठे उभे आहेत, त्यांतल्या एकात. पश्चिमेकडून रेल्वेने गहू यायचा, तो कोरडा राखायचा आणि जहाजात ओतायचा, एवढंच काम. ओल म्हणजे वैरी. ढिगात कोपरापर्यंत हात घालून तो सांगायचा, आत दमट आहे की नाही, आणि त्याचं सहसा चुकायचं नाही. निवृत्त झाला तेव्हा त्याला वाटलं, सुटलो, आता हवेची कटकट संपली. आणि साठी उलटल्यावर त्याच्या गळ्यात एक साप पडला, ज्याला जगायला ओलच लागत होती.

साप त्याच्या मुलीचा, आनिक्कीचा. आफ्रिकेतल्या जातीचा छोटा अजगर, तपकिरी अंगावर पिवळसर डाग. घाबरला की डोकं आत घेऊन वेटोळं करून बसायचा. टाउनोची आई वेलदोडे घालून गोड वेणीपाव करायची, त्याला त्यांच्या फिनिश भाषेत पुल्ला म्हणतात. वेटोळं घातलेली ती मादी आनिक्कीला तशीच दिसली, म्हणून तिचं नावही पुल्ला.

आनिक्की वृद्धाश्रमात कामाला होती. म्हाताऱ्यांना उचलता उचलता तिची पाठ गेली. पाठीसाठी गोळ्या आल्या, पाठ बरी झाली, गोळ्या राहिल्या. नोकरी गेल्यावर ती साप घेऊन बापाच्या घरी परत आली. तिची आई कधीचीच दुसरा संसार थाटून व्हँकुव्हरला गेलेली, त्यामुळे घरात बाप, लेक आणि काचेची पेटी. ऑक्टोबरातल्या एका सकाळी टाउनो दात घासायला वरच्या बाथरूममध्ये गेला, तर ती जमिनीवर पडलेली. ओठ निळे. श्वास नाही. अँब्युलन्सवाले आले, त्यांनी तिच्या नाकात औषध फवारलं, आणि थोड्या वेळाने ती खोकली.

ती स्ट्रेचरवरून गेल्यावर टाउनोने बाथरूमची फरशी पुसली, फडकं पिळून वाळत घातलं आणि कॉफी केली. कॉफी पिताना त्याच्या लक्षात आलं की आपल्याला काहीच होत नाहीये. त्याला वाटलं, होईल थोड्या वेळाने. थोडा वेळ गेला, आठवडा गेला, काही झालं नाही.

व्यसन सोडवणाऱ्या एका घरात तिला जागा मिळाली, पार दक्षिणेला, टोरोंटोच्या अलीकडे. सगळा हिवाळा तिथे काढायचा होता. निघायच्या दिवशी आनिक्की पेटीसमोर उभी राहिली.

"बाबा, ऐकतोयस ना?"

"ऐकतोय."

"ही बाजू उबदार, खाली गरम पट्टी आहे. इथे बत्तीसच्या वर नको. ती बाजू गार, पण पंचविसाच्या खाली जाऊ द्यायची नाही. आणि दमटपणा साठ. साठ म्हणजे साठ. कमी झाला की तिची कात अडकते, जास्त झाला की छाती भरते."

"सापाला छाती असते?"

"सगळी छातीच असते, बाबा."

ती हसली. तोही हसल्यासारखं करून गेला. विमानतळावर तिने त्याला मिठी मारली तेव्हा त्याने तिच्या पाठीवर दोनदा हात मारला, जसा पोतं गाडीवर चढवल्यावर मारतात तसा. तिच्या कोटाची चेन अर्ध्यावर अडकली होती. परतीच्या वाटेवर त्याला तेवढंच आठवत राहिलं.

त्यानंतर तो वरच्या बाथरूममध्ये गेला नाही. ठरवून नव्हे, पाय वळत नव्हते. तळघरात संडास होता, आणि अंगणात त्याच्या वडिलांनी बांधलेलं सौनाचं लाकडी खोपटं. दिवसाआड तो तिथे चूल पेटवायचा, तापल्या दगडांवर पाणी टाकायचा आणि वाफेत अंग धुवायचा. पण आनिक्कीची खोली बाथरूमला लागूनच होती. पेटी बघायला वर जावंच लागे. बंद दाराकडे पाठ करून तो भिंतीच्या कडेने जायचा, अरुंद बोटीवर चालावं तसा.

नोव्हेंबरात खरी थंडी पडली. घर तापवणारी तळघरातली भट्टी दिवसभर घरघरत राहिली आणि जाळ्यांमधून कोरडी गरम हवा घरभर सुटली. टाउनोच्या बोटांची टोकं फुटली. पेटीतल्या ओल आणि ऊब मोजणाऱ्या डबीवरचा दमटपणाचा आकडा साठावरून पन्नास, पन्नासावरून चाळीस. तो फवारा मारायचा, आकडा उडी मारून वर जायचा, आणि त्याचा चहा होईपर्यंत पुन्हा खाली. वरचं झाकण जाळीचं. वरून उष्णतेचा दिवा. सगळी वाफ तिथून निसटत होती. अर्ध्या जाळीवर त्याने स्वयंपाकाची चंदेरी कागदपट्टी घट्ट बसवली. पाण्याचं भांडं गार बाजूने उचलून उबदार बाजूला ठेवलं. खालचा नारळाचा भुसा वरवर ओला करण्यापेक्षा कोपऱ्यातून पाणी सोडून तळ भिजवला आणि वरचा थर कोरडा राहू दिला. एका डब्याला भोक पाडून त्यात ओलं शेवाळ भरलं आणि तो आत ठेवला, म्हणजे बाईसाहेबांना हवं तेव्हा आत जाऊन बसता येईल. मग भुशात बोटं खुपसून तो बघायचा. एकदा बुरशी आली, तर सगळा भुसा फेकून पुन्हा पहिल्यापासून. यात त्याचा दिवस जायचा. दिवस जाणं एवढीच त्याची अपेक्षा होती.

आनिक्कीला रविवारी फोन करायची परवानगी असे.

"किती आहे?" ती पहिलं हेच विचारायची.

"अठ्ठावन्न."

"आणि उबदार बाजू?"

"एकतीस."

"छान. खाल्लं तिने?"

"नाही. तोंड फिरवते."

"हिवाळ्यात त्या जेवत नाहीत कधीकधी. घाबरू नकोस."

"मी नाही घाबरत."

तो खोटं बोलत नव्हता. भीती वाटण्यासाठी आत जे काही लागतं, ते त्याच्याकडे सापडत नव्हतं.

"तू जेवलास?"

"हो."

तिच्या मागे कुणाच्या तरी बोलण्याचा आवाज, भांड्यांचा आवाज. तो फोन कानाला धरून उभा राहायचा. मग ती म्हणायची, "बरं, ठेवते, रांग आहे." आणि तो म्हणायचा, "बरं."

टाउनोची थोरली बहीण हेल्वी दोन गल्ल्या पलीकडे राहायची. नवरा गेल्यापासून तिला सांभाळायला कुणी नव्हतं, म्हणून ती भावाला सांभाळायची. माशाचं सूप घेऊन आली की आधी सगळ्या घराला नावं ठेवायची, मग वाढायची. डिसेंबरात एकदा तिने सूप ठेवायला फ्रीझर उघडला आणि ओरडली.

"टाउनो! हे काय आहे?"

"उंदीर."

"मला दिसतंय उंदीर आहेत. माझ्या ब्लूबेरींना टेकून का आहेत?"

"पिशवीत आहेत ते. धुतलेले."

"धुतलेले! ऐका! माझा भाऊ उंदीर धुतो!" तिने ब्लूबेरींचा डबा बाहेर काढून छातीशी धरला. "आईने तुला माणूस म्हणून वाढवलं होतं रे. आणि त्या मेलीला खायलाही नकोत ते. बघ, सापालासुद्धा चव आहे."

टाउनोने उंदरांची पिशवी खालच्या कप्प्यात सरकवली. हेल्वी त्याच्याकडे बघत राहिली. एरवी तो तिला उलटून काहीतरी बोलला असता. बोलाचालीत तो तिला हार जाणारा नव्हता. ती डबा घेऊन खुर्चीवर बसली आणि जरा वेळाने नुसतं म्हणाली, "सूप गरम आहे तोवर घे."

फेब्रुवारीतल्या एका रविवारी फोन आला नाही. सोमवारी त्याने स्वतः लावला. पलीकडून एक तरुण पोरगा बोलला. आवाज गोड, पाठ केल्यासारखा.

"ती गुरुवारी गेली, सर. स्वतःच्या मर्जीने."

"कुठे?"

"ते आम्हाला सांगता येत नाही. खरं तर माहीतही नाही. ती सज्ञान आहे ना, सर."

"बरं. थँक्यू," टाउनो म्हणाला. फोन ठेवला. फवाऱ्याची वेळ झाली होती, म्हणून वर गेला.

हेल्वीला हे कळलं तेव्हा ती कोट न काढताच त्याच्यासमोर येऊन उभी राहिली.

"थँक्यू? थँक्यू म्हणालास तू त्याला?"

"मग काय म्हणायचं होतं?"

"शिव्या द्यायच्या होत्यास! किंचाळायचं होतंस! तुझी पोरगी बर्फात कुठे गेली, कुणाबरोबर गेली, आणि तू..." मग तिनेच पोलिसांना फोन केला, व्हँकुव्हरला फोन केला, त्या घराच्या मुख्य बाईंना फोन केला आणि टाउनोच्या वाटणीचं सगळं ओरडून घेतलं. उत्तर तेच मिळालं. नोंद करून घेतलीये. कळलं तर कळवू.

टाउनो ऐकत होता. सगळं त्याला नीट ऐकू येत होतं, फक्त बर्फाच्या जाड थराखालून यावं तसं. त्याच्या डोक्यात एकच साधी गोष्ट होती: ती फोन करेल तेव्हा पहिलं काय विचारेल ते त्याला माहीत होतं, आणि त्याचं उत्तर तयार हवं.

पण तेही त्याच्याच्याने पुरं झालं नाही. महिना सरता सरता थंडीची लाट आली. खिडक्यांना आतून बर्फ धरला, भट्टी थांबायचं नाव घेईना. त्यातच एक दिवस टाउनो स्वयंपाकघरातल्या बाकावर बसला आणि उठला नाही. आजारी नव्हता. दिवस मावळला, उजाडला, पुन्हा मावळला. तो मधे पाणी प्यायला, तळघरात जाऊन आला, पुन्हा बसला. वर गेलाच नाही. का, ते त्यालाही सांगता आलं नसतं.

शेवटी वर गेला तेव्हा डबीवर तीसच्या आसपास आकडा होता. भांड्यातलं पाणी आटलेलं. शेवाळ वाळून गवत झालेलं. आणि पुल्ला नेमकी कातीला आलेली. एक-दोन आठवड्यांपूर्वी तिचे डोळे दुधाळ झाले होते, ते त्याने पाहिलं होतं. कात टाकायच्या आधी तसं होतं, हे आनिक्कीने सांगितलं होतं. कात एका तुकड्यात, मोज्यासारखी उलटी होऊन निघायला हवी. इथे ती चिंध्या होऊन अंगाला चिकटली होती. डाव्या डोळ्यावर जुन्या कातडीची टोपी तशीच, पांढरी, सुरकुतलेली. पुल्ला भांड्याला डोकं घासत होती आणि काही निघत नव्हतं.

त्याने पाणी भरलं, भुसा भिजवला, आणि गाडी काढून साप-सरड्यांच्या दुकानात गेला. ते चालवायची ग्वेन, मोठ्या अंगाची, मोठ्या हसण्याची बाई. टाउनो तिच्याकडूनच उंदीर आणायचा.

"ओढायचं नाही हं," ती म्हणाली. "डोळ्यावरचं तर अजिबात नाही. डोळाच हातात येईल. कोमट पाणी, ओले टॉवेल, तासभर उबेत ठेव, आणि तिला टॉवेलातून सरपटू दे. आपोआप सुटेल. आंघोळीचा टब आहे ना घरी?"

"टब नको."

"का? साप आहे, गाय नाही. मावेल."

"टब नको," टाउनो पुन्हा म्हणाला.

ग्वेनने त्याच्याकडे पाहिलं आणि कारण विचारलं नाही.

"सौना चालेल?" त्याने विचारलं.

ती खदखदून हसली. मग तिच्या लक्षात आलं की तो विनोद करत नाहीये. "किती तापवणार?"

"तिची उबदार बाजू असते तेवढंच. सकाळी पेटवतो, विझू देतो. दुपारपर्यंत उतरतं."

"तुम्हा फिन लोकांच्या हिशेबाने तो बर्फच झाला," ग्वेन म्हणाली. "पण डबी बरोबर ने. हाताच्या अंदाजावर जाऊ नकोस. आणि चूल पूर्ण विझलेली हवी, धूर नको."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने थोडीच लाकडं पेटवली. दगड तापले, चूल विझली. दार उघडून त्याने जोराची गरमी बाहेर घालवली, खालच्या बाकावर पेटीतली डबी ठेवली आणि आकडा उतरायची वाट बघत बसला. फळ्यांना पाणी मारलं. सौनात पाणी कसं आणि किती टाकायचं, हे त्याला शिकवावं लागत नव्हतं. मग घरात जाऊन त्याने पेटीचं झाकण काढलं.

तोवर त्याने पुल्लाला कधी हात लावला नव्हता. फवारायचं, भांडं उचलायचं, भुसा बदलायचा, सगळं तिला वळसा घालून. आता दोन्ही हात खाली घालून त्याने तिला उचललं. ती कोरडी होती, गार होती आणि वाटलं त्यापेक्षा बरीच जड. हातात येताच ती आवळली गेली. त्याने तिला उशीच्या अभ्र्यात घातलं, अभ्रा कोटाच्या आत, पोटाशी धरला आणि बर्फातून झपाझप चालत खोपटं गाठलं.

पसरट घमेल्यात बोटभर कोमट पाणी, वर ओले टॉवेल, त्यांच्या घड्यांत पुल्ला. टाउनो सदरा काढून वरच्या बाकावर बसला. बाहेर बर्फावर पावलं वाजली. हेल्वीच. तिने बाहेरच्या खोलीत बूट आपटले.

"धूर दिसला सकाळी. दुपारचा सौना कशाला? आजारी आहेस?"

"पुल्लाची कात अडकलीये."

"आत साप आहे?"

"आहे."

"बाबांनी बांधलेल्या सौनात."

"हो."

"मी इथेच बसते," हेल्वी म्हणाली, आणि दाराच्या त्या बाजूच्या बाकावर बसल्याचा आवाज आला. "दार नीट लाव. तिला म्हणावं, फळ्या घाण केल्या तर तू पुसायच्या."

टॉवेलाच्या आत हालचाल होत होती. टाउनोने खाली उतरून एक टॉवेल हातात सैल धरला आणि पुल्लाला त्यातून जाऊ दिलं. ती हळूहळू पुढे सरकली. तिच्या अंगाचा दाब त्याच्या मुठीतून पुढे पुढे जात राहिला, मागे टॉवेलात कातीचे पातळ तुकडे. पुन्हा टोकापासून. पुन्हा.

"टाउनो," हेल्वी दारापलीकडून म्हणाली. आवाजात नेहमीची धार नव्हती. "तू एकदा तरी रडलास का रे?"

"नाही."

"मी रडते. गाडीत. लाल दिवा असला की."

"मला येत नाही. बसतो, वाट बघतो. काही येतच नाही."

"आतून कसं वाटतं?"

त्याने विचार केला. तिने विचारलं होतं म्हणून खरंच शोधून बघितलं. "दाढ काढायला सुई देतात ना," तो म्हणाला, "गाल आपलाच असतो, पण कुणा दुसऱ्याचा लागतो हाताला. तसं."

"ते उतरतं रे."

"असेल."

"उतरताना दुखतं."

पुल्लाचं डोकं त्याच्या मुठीतून बाहेर येत होतं. तोंडाच्या कडेची कात टॉवेलाच्या खरखरीत भागाला अडकली, ताणली गेली, आणि डोक्यावरचा सगळा पापुद्रा मागे सरकला. त्याच्याबरोबर डोळ्यावरची पांढरी टोपीही. आतून काळाभोर, ओला डोळा निघाला.

"निघाली," तो म्हणाला.

"सगळी?"

"डोळ्यावरचीसुद्धा."

"अरे वा," हेल्वी म्हणाली आणि मग नाक शिंकरलं. "बघू."

तिने दार इंचभर उघडलं. वाफेतून एक डोळा लावून पाहिलं. नव्या कातडीची पुल्ला टाउनोच्या मनगटाला एक वेढा घालून स्वस्थ होती, अंगावर निळसर झाक.

"दिसायला बरी आहे मेली," हेल्वी म्हणाली आणि दार लावून घेतलं.

आपल्याला आनंद व्हायला हवा, असं टाउनोला वाटलं. झाला असता तर बरं झालं असतं. त्याने डबीकडे पाहिलं. हवा गार होत चालली होती. त्याने तिला अभ्र्यात घातलं आणि घरी नेलं.

फोन मार्चअखेर आला, रविवारी नव्हे, एका मंगळवारी दुपारी. त्याने उचलला. पलीकडे नुसता श्वास. त्याने ओळखला.

"बाबा."

"बोल."

"पुल्ला आहे?"

"आहे."

"किती आहे?"

"बासष्ट. उबदार बाजू एकतीस."

ती रडायला लागली. तो फोन धरून उभा राहिला. रडणं थांबायला बराच वेळ लागला.

"मी सू शहरात आहे, बाबा, सरोवराच्या त्या टोकाला. त्या घरातल्या एका मैत्रिणीबरोबर निघून आले. मग परत गोळ्या घेतल्या. एकदाच नाही. मग इथल्या तसल्याच एका घराने ठेवून घेतलं मला."

"आता?"

"आता नाही घेत. आजचं सांगतेय फक्त."

"बरं."

"तू रागावलायस?"

"नाही."

"रागाव ना, बाबा. मला बरं वाटेल."

"कसं रागावू? येतच नाही," टाउनो म्हणाला.

तिला हसू फुटलं, रडता रडता. मग तिने कातीचं विचारलं, आणि त्याने सगळं सांगितलं. तो दोन दिवस वर गेला नव्हता तेही. ती म्हणाली, "सौनात? खरंच सौनात?" आणि पुन्हा म्हणाली, "खरंच?" एवढा वेळ ते दोघं कित्येक वर्षांत बोलले नव्हते.

मे महिन्यात, सरोवरावरचा बर्फ गेल्यावर, टाउनो पेटी पोचवायला निघाला. आनिक्कीला सूमध्ये एका लाँड्रीत काम मिळालं होतं आणि लाँड्रीच्या खालीच तळघरात खोली. थर्माकोलच्या खोक्यात अभ्रा, अभ्र्यात पुल्ला, शेजारी टॉवेलात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली. मागच्या सीटवर रिकामी पेटी पट्ट्याने बांधलेली. हेल्वीने पाव आणि खारवलेला मासा बांधून दिला आणि खोक्यावर बोटाने टकटक करून म्हणाली, "वाटेत उतरू नकोस गं." दिवसभराचा रस्ता, एका बाजूला डोंगर, एका बाजूला पाणी. तो मधूनमधून थांबून बाटलीतलं पाणी बदलत गेला. पेट्रोलपंपावरची बाई विचारायची, चहा हवाय का, आणि तो म्हणायचा, नुसतं गरम पाणी.

आनिक्की दारात उभी होती. केस बारीक कापलेले. हाडं वर आलेली. दोघांनी मिळून पेटी खाली उतरवली. खोलीत पाय टाकताच टाउनोने हवा हुंगली. वरून यंत्रांची घरघर, भिंतीतून पाइप, कोपऱ्यात रंगाचे पोपडे. त्याने पेटी लावली, पट्टी जोडली, डबी ठेवली. आकडा चढत चढत पंच्याऐंशीवर गेला.

"बाप रे," आनिक्की म्हणाली.

"इथे ओल करायची गरज नाही. घालवायला हवी."

त्याने जाळीवरची चंदेरी पट्टी काढली. मोठं भांडं काढून गार बाजूला लहान वाटी ठेवली. भिजक्या भुशाऐवजी कोरडा घातला. ती कागद फाडून देत होती, तो खाली अंथरत होता. तिने वर लाँड्रीतल्या बाईकडून एक छोटा पंखा मागून आणला आणि तो भिंतीकडे तोंड करून लावला, पेटीवर झोत नको म्हणून. दोघं जमिनीवर बसून आकडा बघत राहिले. ऐंशी. अठ्ठ्याहत्तर. वरची यंत्रं बंद झाल्यावर सत्तर.

"मला परत तिकडे नाही यायचं, बाबा. त्या घरात."

"माहीत आहे."

"तुला वाईट वाटेल."

"वाटेल बहुतेक," तो म्हणाला. "वाटलं की कळवीन."

ती त्याच्याकडे वळून बसली. "त्या दिवशी तू काय केलंस? मी पडले होते तेव्हा. मला कुणी सांगितलंच नाही."

टाउनोने हे कुणालाच सांगितलं नव्हतं. हेल्वीलाही नाही. कुणी विचारलं नव्हतं.

"तुला सरळ निजवलं," तो म्हणाला. "फोन केला. फोनवरच्या बाईने जे जे सांगितलं ते केलं. मग ते येईपर्यंत तुझ्याशी बोलत होतो."

"काय बोलत होतास?"

"आठवत नाही. काहीतरी. जहाजांची नावं घेत होतो बहुतेक. तू लहान असताना बंदरावर घ्यायचो, तशी. दुसरं काही सुचेना."

आनिक्कीने त्याचा हात धरला. बोटं थंड होती. त्याने ती आपल्या दोन्ही तळहातांत घेतली आणि ऊब येईपर्यंत चोळत राहिला.

तो तिथेच जमिनीवर कोट अंथरून झोपला. सकाळी ती वर कामावर गेली, जाताना खोकं आणि अभ्रा त्याच्या गाडीत ठेवून. तोही निघाला. वाटेत कुठे फारसा थांबला नाही.

घरी पोचला तेव्हा हेल्वी त्याच्या स्वयंपाकघरात होती. तिने सूप चढवलं होतं.

"कशी आहे?"

"काडी झालीये. काम करते. उभी आहे."

"राहील?"

"माहीत नाही, हेल्वी. आज आहे."

"आणि तू?"

"मी झोपतो जरा," टाउनो म्हणाला, आणि बाकावर आडवा झाला तो तसाच, बुटांसकट. दुसऱ्या क्षणी घोरायला लागला. गेल्या ऑक्टोबरपासून तो असा झोपला नव्हता. हेल्वीने आच बंद केली. थोडा वेळ त्याच्याकडे बघत उभी राहिली. मग गुडघे धरत खाली वाकली आणि त्याच्या बुटांच्या नाड्या सोडवायला लागली.